मामीचं शेलापागोटं

बायको गेली त्याला दोन महिने झाले. तेरव्याला लोक जेवले आणि हात धुता धुता म्हणले, मामा, तुमी तिला लय जपलं. मी मान हलवली. खोटं बोलायला मला कधी जड गेलं नाही, आणि मान हलवायला तर तोंडही उघडावं लागत नाही.

जिंतूरच्या एका कॉलेजात मी शिपाई होतो. शिक्षण सातवी पास. बायको शाळेची पायरी चढली नव्हती. ती त्याच कॉलेजात झाडायला होती, आधी रोजंदारीवर, मग कायम. पोरं मला मामा म्हणायची म्हणून ती मामी. इतकी वर्षं तिथं राबली, पण तिचं नाव कुणी विचारलं नाही. पगाराच्या कागदावर तेवढं होतं, आणि नावापुढं तिचा अंगठा.

माझी तिथं इज्जत होती ती अक्षरामुळं. प्राचार्यांच्या सहीचा कागद आला की तो फळ्यावर खडूनं उतरवायचं काम माझं. फी, परीक्षा, सुट्टी, कोण मेलं त्याची शोकसभा, सगळं माझ्या हातचं. माझा र तर सगळ्यांहून निराळा. त्याची खालची शेपटी मी वर वळवायचो, विंचवाच्या नांगीसारखी. शाळेत त्यापायी गुरुजींच्या छड्या खाल्ल्या, पण शेपटी सोडली नाही. माणसाला एवढी एकच गोष्ट येत असली की ती तो सोडत नाही.

कॉलेजात पोरांचं एक मंडळ असतं. प्रत्येक वर्गाचा एक प्रतिनिधी, खेळाचा एक, सांस्कृतिकचा एक, मुलींची एक, आणि सगळ्यांवर जी.एस. मी त्यांच्या बैठकांना दाराशी उभा राहायचो. ठराव काय व्हायचे? गॅदरिंगला मंडप कुणाचा आणि पाहुणा कोण. पोरं टेबलावर हात आपटून भांडायची आणि मुलींची प्रतिनिधी रांगोळीचे रंग किती आणायचे ते लिहून घ्यायची. तिला बोलूच द्यायचे नाहीत.

गॅदरिंगच्या शेवटच्या दिवशी शेलापागोटे. शहरातली पोरं त्याला फिशपॉन्ड म्हणतात. आधी आठ दिवस नोटीस बोर्डाखाली डबा ठेवायचा. ज्याला ज्याची खोड काढायची त्यानं दोन ओळी जुळवून, आपलं नाव न घालता, आत टाकायच्या. मंडळ त्यातल्या निवडून काढतं. मग स्टेजवर एकेकाला बोलावून त्याच्या तोंडावर त्या ओळी वाचतात आणि वर एखादी वस्तू देतात. जाड्या पोराला वजनकाटा. उशिरा येणाऱ्या सरांना गजराचं घड्याळ. एका वर्षी एका काळ्या पोरीला पावडरचा डबा दिला. ती स्टेजवर हसली, डबा घेऊन खाली उतरली, आणि पुन्हा कॉलेजात आली नाही. मीही हसलो होतो. हसण्यावारी घ्यायचं असतं, असं मी तिच्या बापाला सांगितलं, तो दाखला न्यायला आला तेव्हा.

डब्याची किल्ली माझ्याकडं असायची. मंडळानं उघडायच्या आधी मी उघडायचो आणि माझ्यावरच्या चिठ्ठ्या काढून चुलीत घालायचो. दर साली पाच-सहा असायच्या. म्हणजे मामाच्या वाट्याला कधी शेलापागोटं आलं नाही ते यामुळं.

ज्या वर्षाचं सांगतोय त्या वर्षी मुलींची प्रतिनिधी बोरीची होती. रोज एस.टी.नं यायची. पाचला वर्ग सुटायचे आणि बोरीच्या गाडीला पाऊण तास असायचा. त्या पाऊण तासात ती माझ्या बायकोला अक्षरं शिकवायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं, मंडळाचा ठराव नव्हता. कोपऱ्यातल्या वर्गात खराटा भिंतीला टेकवून बायको पहिल्या बाकावर बसायची, आणि पोरगी टेबलामागं उभी राहून आधी हजेरी घ्यायची.

“रोल नंबर एक?”

“प्रेझेंट, सर!”

“मामी, मी सर हाय का? मॅडम म्हणा की.”

“न्हाई बाई. पोरं सर म्हणत्यात, मी भी सरच म्हणणार. हजेरी लाव आधी, मग बोल.”

दोघी हसायच्या. मी कुलूप हातात घेऊन व्हरांड्यात उभा असायचो. बायकोला मी घरात असं हसताना कधी बघितलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर मला ते आवडलं नाही. घरात लिहिता येणारा मी एकटा होतो. डॉक्टरची चिठ्ठी, गावाकडचं पत्र, किराण्याची यादी, सगळ्यासाठी ती माझ्यापुढं येऊन बसायची. ते आता जायला लागलं होतं.

एक दिवस मी फळ्यावर ‘सुचना’ लिहून खाली उतरलो. ती झाडत होती. थांबली, बोट लावून बघितलं आणि म्हणली, “अवो, सूचनेचा उकार दुसरा असतोय ना? आमच्या बाईनं सांगितलंय.”

मोठा क्लार्क मागं उभा होता. तो इतका हसला की पान बाहेर आलं. “मामा, खुर्ची सोडा आता! मामीला बसवा!” ऑफिसात चार दिवस मला सगळे ‘दुसरा उकार’ म्हणत होते. मी उकार नीट केला. बायकोशी दोन दिवस बोललो नाही. तिला वाटलं माझं पोट दुखतंय. ओवा आणून दिला.

त्याच आठवड्यात जी.एस. माझ्याकडं आला. बागायतदाराचा पोरगा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गुळासारखा.

“मामा, डब्यात अवंदा काय दम न्हाई. मामीवर एक होऊन जाऊ द्या. तुमी घरचे. काहीतरी मसाला सांगा.”

मी नाही म्हणू शकलो असतो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मंडळाच्या खोलीत मला पहिल्यांदा खुर्ची दिली होती. मी त्या बाकाचं सांगितलं, खराट्याचं, प्रेझेंट सरचं. शिकवणाऱ्या पोरीचा विषय मी काढला नाही. नुसतं म्हणलं, रिकाम्या वर्गात बसते अन् हजेरी देते. पोरं टाळ्या पिटायला लागली.

“मामा, तुमीच जुळवा की! अन् तुमीच लिवा. तुमचं अक्षर म्हणजे छापल्यावानी.”

मी तिथंच बसून लिहिलं:

*झाडू टेकवून बाकावर बसती, म्हणती ‘प्रेझेंट सर’,*
*बी.ए. व्हायच्या आधी मामी, अंगठ्याची शाई पुसा बरं!*

आयुष्यात मी जुळवलेल्या त्या दोनच ओळी.

दुसऱ्या दिवशी जी.एस.नं तिला जाता जाता सांगितलं, “मामी, आज संध्याकाळी तुमाला शेलापागोटं हाय. चांगलं नेसून या.”

आता आमच्याकडं शेला-पागोटं म्हणजे काय? लग्नात व्याह्याला मान देतात ते. खांद्यावर शेला, डोक्याला पागोटं. तिला कॉलेजातला अर्थ कुठून कळणार? गॅदरिंगच्या दिवशी ती मागं भांडी घासत असायची. ती दुपारी घरी आली ती पळतच.

“अवो, मला शेलापागोटं देणार हायत. खरंच का?”

“व्हय.”

“पर बाईमाणसाला पागोटं कसं बांधतेल?”

“मग नुसता शेला देतेल.”

“कामून म्हणं पर? मी काय केलं?”

“झाडतीस ना इतक्या वर्षांची. जा, चांगलं नेस.”

एवढं बोललो मी. त्या वेळी एक शब्द बोललो असतो तर हे लिहायची पाळी आली नसती. मला गंमत वाटत होती. तिनं डोक्याला तेल लावलं, लेकीच्या साखरपुड्यातलं लुगडं काढलं, आणि मला पाव किलो पेढे आणायला पाठवलं. सत्कार झाल्यावर पोरांच्या हातावर काय ठेवायचं, म्हणली, रिकाम्या हातानं बरं दिसत न्हाई. मी जाऊन पेढे आणले.

बोरीच्या पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती दिवसभर दारात रांगोळी काढत होती.

नाव पुकारल्यावर बायको स्टेजवर गेली. पदर डोक्यावरून, हातात पेढ्यांचा पुडा. आधी तिनं प्राचार्यांच्या पायाला हात लावला. मग जी.एस.ला पेढा दिला. त्यानं तो खाल्ला. पेढा चघळत चघळत त्यानं फरशी पुसायचं फडकं तिच्या खांद्यावर टाकलं आणि डोक्यावर कचऱ्याचं टोपलं ठेवलं. हॉल हसला. तीही हसली. तिला वाटलं, पोरं लाड करायलेत. टोपलं पडू नये म्हणून तिनं एका हातानं धरलंसुद्धा.

मग त्यानं माईकवर वाचलं.

पहिल्या ओळीपर्यंत ती हसत होती. ‘प्रेझेंट सर’ आलं आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं. दुसरी ओळ हसण्यात बुडाली, मागच्या पोरांनी ती पुन्हा म्हणायला लावली. सगळा हॉल ओरडायला लागला, प्रेझेंट सर, प्रेझेंट सर. मोठा क्लार्क मांडी थोपटत होता. मी डबा घेऊन स्टेजच्या पायरीशी उभा होतो. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती दाराकडं बघत होती, रांगोळीनं हात भरलेली ती पोरगी तिथं उभी होती.

फडक्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती. तिनं ती काढली, घडी घातली आणि पोलक्यात ठेवली. टोपलं उतरवून हातात घेतलं आणि पायऱ्या उतरली. फडकंही तिनं परत दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडक्यानं तिनं ते स्टेज पुसलं. चांगलं जाड फडकं होतं, दोन वर्षं टिकलं.

गॅदरिंगच्या त्या रात्री घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली आणि म्हणली, “त्या पोरीनंच सांगितलं. दुसऱ्या कुणाला ठाऊक हाय?”

मी म्हणलं, “शिकलेल्या लोकांचं असंच असतंय.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यातल्या वर्गात पोरगी पाटी घेऊन आली. रडून आली होती.

“मामी, मी न्हाई सांगितलं. आईची शपथ.”

“मग काय भिंतीनं सांगितलं? मला बाकावर बसवून तुमी पोरी मागून हसत होतात व्हय गं? माझ्या लेकीच्या वयाची तू. तुला मी भाकर दिली माझ्या डब्यातली.”

“मामी…”

“हे बघ तुजं लिवणं! वाच! तुलाच येतंय वाचायला, वाच!” तिनं चिठ्ठी पोरीच्या तोंडापुढं धरली.

पोरीनं वाचलं. मग ती माझ्याकडं बघायला लागली. मी कुलपात किल्ली घालत होतो, ते कुलूप आधीच लागलेलं होतं. तिनं चिठ्ठी बायकोच्या हातात दिली, पाटी बाकावर ठेवली आणि बोरीच्या गाडीला निघून गेली. मंडळाचा राजीनामा दिला, असं नंतर कळलं. राजीनाम्याचा कागद प्राचार्यांकडं मीच नेऊन दिला.

बायकोनं अक्षरं सोडली ती सोडलीच. पाटी आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बसली. चिठ्ठी तिनं पेटीत ठेवली. पेटीची किल्ली तिच्या कमरेला. अडाणी बाईला चिठ्ठीचं काय करायचंय, असं मी मनाला सांगत होतो, पण झोप लागत नव्हती. पुढच्या साली कॉलेजातली सेवा योजनेची पोरं घरोघर बायांना शिकवायला फिरली. आमच्या दारात आली तेव्हा मी म्हणलं, तिला जवळचं दिसत न्हाई, डोळ्याचं दुखणं हाय. ती आत भाकऱ्या थापत होती. तिनं ऐकलं. पुढची भाकरी थापली. मला वाटलं, तिलाच नको असेल.

शेलापागोट्यानंतर दोन महिन्यांनी लेकीचं लग्न होतं. मी किराण्याची यादी करायला बसलो. साखर, तूर, मसूर, मोहरी, खोबरं. ती शेजारी येऊन बसली आणि माझ्या हाताकडं बघत राहिली. यादी संपल्यावर म्हणली, “तुमचं अक्षर लय गोड हाय.”

लग्न झाल्यापासून तिनं माझं असं कौतुक पहिल्यांदा केलं होतं. मी फुगलो. तिथून पुढं दर महिन्याला मी यादी लिहायला बसलो की ती हातातलं काम टाकून शेजारी येऊन बसायची. “लिवा. तुमचं अक्षर लय गोड हाय.” वर्षानुवर्षं. लेकीला दोन लेकरं झाली, मी रिटायर झालो, ती रिटायर झाली, तरी हे चुकलं नाही. मी पाहुण्यांना सांगायचो, आमच्या मंडळीला माझं अक्षर लय आवडतंय. ती मान खाली घालून तांदूळ निवडायची.

शेवटी परभणीला मोठ्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनच्या आधी कागदावर सही पाहिजे होती. नर्सनं शाईचा डबा पुढं केला. मी तिचा अंगठा धरला, तर तिनं तो मुठीत दाबून घेतला. अंगात ताकद नव्हती, पण मूठ मला सुटंना.

“तुमीच लिवा,” म्हणली. “तुमचं अक्षर लय गोड हाय.”

नर्स हसली, म्हणली, आजोबा, नशीबवान आहात. मी माझी सही केली. माझ्या नावात दोन र आहेत. तिसऱ्या दिवशी ती गेली. ती माझ्याशी शेवटचं बोलली ते एवढंच, आणि पुढचा महिनाभर मी ते प्रेमाचं म्हणून येईल त्याला सांगत होतो.

मग ती पोरगी आली. पोरगी कसली, केस पिकलेत आता. सोनपेठकडं एका शाळेत मास्तरीण आहे. उशिरा कळलं म्हणून एस.टी.नं आली होती. पाणी घेतलं, फोटोला हात जोडले. लोणच्याच्या बरणीवरची पाटी तिला दिसली.

मला राहवलं नाही. म्हणलं, “बाई, ती चिठ्ठी…”

“तुमच्या हातची होती. ठाऊक हाय मामा. फळ्यावर तीन वर्षं तुमचा र बघत होते मी.”

“मग सांगितलं कामून न्हाई तिला?”

“मी चार महिन्यांनी जाणार होते. तिला तुमच्यासंगं राहायचं होतं.”

मला बरं वाटलं. लाज वाटायच्या जागी बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. मी म्हणलं, “म्हणजे तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई.”

बाईनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मामी बोरीला आली होती आमच्या घरी. तुमच्या लेकीचं लग्न झाल्यावर आठ दिवसांनी. हातात दोन कागद. एक ती चिठ्ठी अन् एक किराण्याची यादी. म्हणली, बाई, माझं चुकलं, आधी पाया पडू दे. मग म्हणली, हे दोन्ही एकाच हातचं हाय का सांग.”

“मग?”

“मी म्हणलं, न्हाई मामी, वेगळं हाय. तर हसली. म्हणली, तू बी.ए. व्हायलीस अन् तुला दिसंना, मला अडाणी बाईला दिसायलंय.”

लग्नानंतर आठ दिवसांनी भावजयीला भेटायला म्हणून ती बोरीला गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. येताना तिनं माझ्यासाठी जांब आणले होते.

“मी म्हणलं, मामी, चला, परत शिकू. म्हणली, आता काय वाचायचं राहिलंय बाई? पाहिजे तेवढं वाचलं.”

जाताना बाईनं विचारलं, पाटी नेऊ का? मी हो म्हणलो. तिनं ती नळाखाली धुतली, पदरानं पुसली आणि पिशवीत टाकली. मला नमस्कार केला नाही.

ती गेल्यावर मी पेटी उघडली. किल्ली महिनाभर खिशात होती, उघडायची हिंमत होत नव्हती. वर तेच साखरपुड्याचं लुगडं. त्याच्या घडीत दोन्ही कागद एका टाचणीनं टाचलेले, स्टेजवरच्याच टाचणीनं, गंजलेल्या. तिच्याकडं पेन नव्हता. तिनं नखानं काम केलं होतं. चिठ्ठीत तीन र आहेत, बाकावर, सर, बरं. तिन्हींखाली नखाची रेघ. यादीत साखरेखाली, तुरीखाली, मसुरीखाली. एकही सुटला नव्हता. रेघा इतक्या दाबून ओढल्या होत्या की मागून बोटाला लागत होत्या.

परवा किराणा संपला. यादी लिहायला बसलो, साखर लिहिली, आणि कागद चुरगाळला. पुन्हा लिहिली, नांगी न वळवता. हात आपोआप वळतो. तसाच दुकानात गेलो.

दुकानदार म्हणला, “मामा, आज यादी न्हाई? तुमचं अक्षर तर लय…”

मी म्हणलं, “तू लिव. मी सांगतो.”